पसायदान म्हणताना शेजारणीचा चेहरा

प्रश्न: मी हिंजवडीत नोकरी करतो, वय 26. गेल्या वर्षी विपश्यनेचा 10 दिवसांचा कोर्स केला, शेवटच्या दिवशी मंगल मैत्री शिकवली तेव्हा डोळ्यातून पाणी आलं होतं, खरंच सगळ्यांचं भलं व्हावं असं वाटत होतं. आता वाकडच्या सिग्नलला कोणी राँग साइडने घुसला की तोंडातून शिवीच निघते. चार दिवस पण टिकलं नाही. मग ते खोटं होतं का?
– एक वाचक, वाकड

उत्तर: खोटं नव्हतं रे. तिथे मौन होतं, फोन नव्हता, ट्रॅफिक नव्हतं, मन शांत झालं होतं. पण तू सुरुवातच सगळ्यात अवघड माणसापासून करतोयस. बौद्ध आचार्य बुद्धघोषांच्या विशुद्धिमग्ग या पाली ग्रंथात मैत्रीभावनेचा क्रम सांगितलाय, आधी स्वतः, मग ज्याच्याबद्दल आदर आणि प्रेम आहे तो, मग ज्याचं आपल्याला काहीच नाही असा माणूस, आणि सगळ्यात शेवटी वैरी. आणि वैऱ्यापासून सुरू करू नका असं तिथे स्पष्ट म्हटलंय. राँग साइडवाला तुझा शेवटच्या यत्तेचा धडा आहे. तू आधी तुझ्या कंपनीच्या गेटवरचा वॉचमन घे, जो रोज बॅरियर वर करतो आणि ज्याच्याकडे तू बघतही नाहीस. त्याचा दिवस बरा जावो, एवढंच मनात म्हण, महिनाभर. मग मला परत लिही.

प्रश्न: ताई, मी 61 वर्षांची, कोथरूडला राहते. आमच्या वरच्या फ्लॅटच्या एसीचं पाणी दोन वर्षं आमच्या गॅलरीत पडतंय, माझी तुळस कुजली, वाळत घातलेले कपडे परत ओले होतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला तर त्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, यांना दुसरा उद्योग नाही. तेव्हापासून बोलणं बंद आहे. मी कधी वाईट शब्द काढला नाही, पण मनात रोज भांडते. संध्याकाळी पसायदान म्हणते तेव्हा ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ला बरोब्बर त्यांचाच चेहरा येतो, आणि मग मलाच लाज वाटते. मागच्या महिन्यात त्यांना नात झाली, सगळ्यांकडे पेढे आले, आमच्याकडेही आले, मी तो बॉक्स न उघडता कामाच्या मावशींना देऊन टाकला. हात उचलला नाही, शिवी दिली नाही, तरी ही हिंसाच का? आणि अहिंसा पाळायची म्हणजे पाण्याची तक्रार सोडून द्यायची का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण हे सगळं मी केलंय. सख्ख्या जावेशी अकरा वर्षं माझा अबोला होता. आळंदीला जायचे, समाधीचं दर्शन घ्यायचे आणि घरी आल्यावर तिचा फोन आला तर उचलायचे नाही. तेव्हा मला दोन्हीचा संबंधच लागला नव्हता.

आधी तो चेहरा. तो घालवू नका. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरीच्या शेवटी माउलींनी जे मागितलं त्यात खळ मरोत असं नाहीये, त्यांचा वाकडेपणा जावो असं आहे, आणि लगेच पुढे ‘तयां सत्कर्मी रती वाढो’, म्हणजे त्यांचं भलंच मागितलंय. तुम्हाला तिथे कोणाचा तरी खराखुरा चेहरा दिसतो, बऱ्याच जणांना काहीच दिसत नाही, नुसतं पाठ म्हणून उरकतात. फक्त तिथे थांबू नका, ‘भूतां परस्परें जडो मैत्र जीवाचें’पर्यंत तो चेहरा तसाच धरून ठेवा. तिथे ‘परस्परें’ शब्द आहे, म्हणजे त्या बाईंबरोबर तुम्हीही आलात.

हिंसा आहे का म्हणाल तर पतंजलींनी योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार सांगितलेत, स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि अनुमोदित म्हणजे दुसऱ्याने केली आणि आपल्याला बरं वाटलं ती. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या कोणी त्यांच्याविषयी वाकडं बोललं आणि आपण नुसतं ‘हं’ म्हणून गोड मानून घेतलं, ते याच्यात येतं. मला सगळ्यात जास्त हेच लागलं होतं, कारण जावेबद्दल मी बोलायचे नाही पण नणंद बोलायला लागली की चहा टाकायचे, अजून थोडा वेळ बसावी म्हणून. मृदु, मध्य, तीव्र असे हिंसेचे दर्जेही पतंजलींनी दिलेत, तेव्हा तुमचं मृदु आहे असं म्हणू, पण आहे.

त्याच ग्रंथात पहिल्या पादात एक सूत्र आहे जे मला फार दिलासा देतं. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी असेल तर करुणा, चांगलं वागला तर मुदिता म्हणजे आनंद, आणि वाईट वागला तर उपेक्षा, याने चित्त प्रसन्न होतं. बघा, मीटिंगमध्ये त्या जे बोलल्या त्याच्यावर प्रेम करा असं कोणी सांगितलेलं नाही, तिथे उपेक्षा चालते, म्हणजे तो शब्द रोज उकळत ठेवायचा नाही. पण नात झाली हे सुख आहे. तिथे मैत्रीच हवी. तुमची गाठ मीटिंगच्या त्या वाक्यात नाही असं मला वाटतं, त्या न उघडलेल्या बॉक्समध्ये आहे. बोलणं बंद असताना त्यांनी तुमच्या दारापर्यंत पेढे पाठवले हो!

तक्रारीचं म्हणाल तर अजिबात सोडू नका. आपल्या येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी 1930 मध्ये आश्रमातल्या लोकांना व्रतांवर पत्रं लिहिली, त्यात अहिंसेवरही आहे, आणि ते आत का होते तर त्याच वर्षी मिठाचा कायदा मोडला म्हणून. म्हणजे अहिंसा शिकवणारा माणूस सरकारशी भांडतच होता. त्याआधी दक्षिण आफ्रिकेत ज्या जनरल स्मट्सच्या सरकारने त्यांना कैद केलं, त्यांच्यासाठी त्यांनी तुरुंगात चपला बनवल्या आणि 1914 ला तिथून निघताना भेट दिल्या. लढा पण खरा आणि चपला पण खऱ्या. तुकोबांच्या अभंगात ‘कोणाही जिवाचा न घडो मत्सर’ आहे, तिथेही मत्सर नको म्हटलंय, पाणी सोसा असं नाही.

तर सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, फोटो लावा, ड्रेन पाइप खाली डक्टमध्ये सोडायला सांगा, प्लंबरचं अर्ध्या तासाचं काम आहे. अर्जात ‘या बाई’ नको, फ्लॅट नंबर लिहा. आणि एक दिवस बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू किंवा बाळाला एक झबलं घेऊन वर जा. पहिल्या दिवशी दारातूनच परत यावं लागलं तरी चालेल, मी जावेकडे गेले तेव्हा तिने पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, दुसऱ्यांदा विचारलं. वर गेलात की पाइपचा विषय काढू नका, तो अर्जात आहे. नात कोणासारखी दिसते ते विचारा.