केमो चालू आहे, आईचं जेवण गेलंय आणि वजन उतरतंय. हे चालायचंच का?

तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांत आईचं वजन ६२ वरून ५६ किलोवर आलं, ताट समोर ठेवलं की ती मान फिरवते, आणि घरातले म्हणतात, "केमोत असं चालायचंच." मी डॉक्टर नाही. माझ्या वडिलांना, अण्णांना, जठराचा कॅन्सर होता. कळव्याच्या आमच्या घरात हेच वाक्य सगळे म्हणत होते, मीही. त्यात आमचे दोन महिने गेले.

६२ पैकी ६ किलो म्हणजे जवळपास १० टक्के. सहा महिन्यांत आपोआप ५ टक्क्यांहून जास्त वजन गेलं की डॉक्टर कॅकेक्सियाचा विचार करतात. यात आजारामुळे अंगात एक प्रकारचा दाह धुमसत असतो. तो भूकही मारतो आणि स्नायूही झिजवतो. म्हणून नुसतं जास्त खाऊ घालून गेलेलं सगळं वजन परत येत नाही. हे मला आधी कळलं असतं तर अण्णांशी ताटावरून झालेली निम्मी भांडणं टळली असती.

आम्हाला वजनकाट्याच्या आधी घड्याळाने सांगितलं होतं. वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर होताना मिळालेलं त्यांचं घड्याळ मनगटावर गरगर फिरायला लागलं. अण्णांनी दाभणाने पट्ट्याला एक जास्तीचं भोक पाडलं, महिन्याभराने दुसरं. आम्ही हसलो होतो. तुम्ही हसू नका, आठवड्यातून एकदा सकाळी, त्याच काट्यावर वजन करून तारखेसह लिहून ठेवा. पायावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर काटा फसवतो, तेही डॉक्टरांना सांगा.

मग "जेवत नाही" याच्या मागे काय आहे ते शोधा. अण्णा म्हणायचे, "कागद चावल्यासारखं लागतं." आम्ही समजलो, केमोने चव गेली. एक दिवस नर्सबाईंनी टॉर्च मारून तोंड पाहिलं, तर जिभेवर आणि गालांच्या आत पांढरा थर. बुरशीचा संसर्ग होता. औषधाने आठवड्यात तोंड साफ झालं आणि त्यांनी स्वतःहून वरणभात मागितला. दुसरा घोळ पोटाचा. दुखण्याच्या गोळ्यांनी पाच-पाच दिवस पोट साफ होत नव्हतं, आणि आम्ही वरून शिरा भरवत होतो! मळमळ, तोंड येणं, गिळताना दुखणं, न सांगितलेली वेदना, मनाची उदासी, यातलं बरंचसं औषधाने आटोक्यात येतं. पण डॉक्टरांना सांगायला हवं.

खाण्याबाबत आमची मोठी चूक म्हणजे पेज. हलकी म्हणून दिवसभर तीच. आहारतज्ज्ञ बाईंनी हिशोब मांडला: किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तुमच्या आईला ५६ ते ८४ ग्रॅम. एका अंड्यात मिळतात जेमतेम ६. पेजेवर कसं भागणार? (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांनाच विचारा.) मग आम्ही दुधात दूध पावडर कालवायला लागलो, मऊ खिचडीवर तूप, मुगाचं धिरडं, चक्का, उकडलेलं अंडं कुस्करून. ताट बंद, वाटी सुरू, दर दोन तासांनी. फोडणीचा वास सहन होत नव्हता, म्हणून स्वयंपाक ते झोपलेले असताना आणि त्यांना देताना पदार्थ कोमट किंवा गार. मामलेदारच्या मिसळीची आठवण मात्र ते रोज काढायचे. साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो, हा व्हॉट्सॲपचा सल्ला आमच्या मावशीने दिला होता. तो ऐकू नका, आधीच खाणं कमी आहे.

भुकेच्या औषधांबद्दल विचारा, पण स्वतःहून आणू नका. ओलान्झापिनचं नाव निघालं तर दचकू नका. ते मुळात मानसिक आजारांवरचं औषध आहे. पुद्दुचेरीच्या जिपमेर रुग्णालयात केमो घेणाऱ्या १२४ रुग्णांवर त्याच्या रोज २.५ मिलिग्रॅमच्या छोट्या डोसचा अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलेले रुग्ण औषध घेणाऱ्यांत ६० टक्के होते, न घेणाऱ्यांत ९. मेजेस्ट्रॉल नावाच्या दुसऱ्या औषधानेही भूक वाढते, पण रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो.

शेवटच्या तीन आठवड्यांत अण्णा दोन चमचे शहाळ्याच्या पाण्यावर होते. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता भरवू नका, ओठ ओले ठेवा. तुमच्या आईची वेळ ती नाही, तिची केमो चालू आहे. म्हणून पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. पाणीही गिळता येत नसेल, उलट्या थांबत नसतील किंवा ताप १००.४ वर गेला, तर रात्र असली तरी थेट न्या. जीभ मात्र आत्ताच बघा, मोबाइलचा टॉर्च पुरतो.