भिंतीचा रंग आणि भिंत

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

आपल्याला दिसणारे जग आपली जाणीवच निर्माण करते, पुंजभौतिकीने (क्वांटम फिजिक्सने) हे सिद्ध केले आहे आणि आपल्या वेदान्ताने ते आधीच सांगून ठेवले होते, असे तू लिहिले आहेस. पण पत्राच्या अगदी शेवटी, मग आईचे आजारपणही तिच्याच विचारांतून आले असेल का, असे जे विचारले आहेस, ते वाचून मी अस्वस्थ झालो. त्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नाही. भीतीने वेदना अधिक तीव्र वाटते आणि जवळच्या माणसाच्या सोबतीने ती सुसह्य होते, एवढा मनाचा वाटा खरा आहे. परंतु आजाराचा दोष रुग्णाच्या विचारांवर ठेवणारी शिकवण तुला कोणीही दिली असली, तरी ती चूक आहे आणि क्रूरही आहे.

आता मूळ मुद्दा. गेल्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पट्टी निघाल्यावर घरातली पांढरी भिंत मी आळीपाळीने एकेका डोळ्याने पाहिली, तेव्हा उजव्या डोळ्याला ती निळसर पांढरी दिसली आणि डाव्याला जुन्या कागदासारखी पिवळट. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे पडते आणि निळा प्रकाश अडवू लागते, हे मी वर्गात शिकवलेले होते. तरीही तो पिवळेपणा इतक्या वर्षांत मला स्वतःला कधी जाणवला नव्हता, कारण मेंदू त्याचा हिशेब लावून भिंत पांढरीच ठरवत होता. रंगापुरते पाहिले तर तुझे म्हणणे बरेचसे मान्य करावे लागते. मात्र खिडकीखालची बारीक भेग दोन्ही डोळ्यांना एकाच जागी दिसत होती आणि चाचपडणाऱ्या हातालाही ती तिथेच लागत होती.

आयरिश विद्वान विल्यम मॉलिन्यू यांनी 1688 मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्राने एक प्रश्न विचारला होता. जन्मांध माणूस स्पर्शाने घन आणि गोल ओळखतो. त्याला अचानक दृष्टी आली, तर हात न लावता, केवळ पाहून, त्यातला घन कोणता हे तो सांगू शकेल का? याचे प्रायोगिक उत्तर शोधण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न भारतात झाला. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातले संशोधक पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात आपल्याकडच्या जन्मतः अंध, पण उपचार शक्य असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया केल्या जातात. त्यांपैकी 8 ते 17 वर्षे वयाच्या पाच मुलांवरील अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. या मुलांना समोर ठेवलेल्या दोन आकारांतला फरक डोळ्यांनी कळत होता. पण आत्ताच हाताने चाचपलेली वस्तू त्यांतली कोणती, हे त्यांना खात्रीने सांगता येत नव्हते. पुढे काही दिवसांतच त्यांना ते जमू लागले.

या निष्कर्षापाशी तू थोडी थांबावीस, असे मला वाटते. डोळ्यांना दिसणारा आकार आणि हाताला लागणारा आकार एकच आहे, ही गोष्ट जन्मतः मिळालेली नसते. मेंदू ती जुळवतो. पण तो ती कशाच्या आधारे जुळवतो? वस्तूच मनाने निर्माण केलेली असती, तर मुलांना काही शिकावेच लागले नसते आणि त्यांचे उत्तर चुकलेही नसते. आपल्या अंदाजाला ‘चूक’ म्हणणारे काहीतरी आपल्याबाहेर आहे, याहून भक्कम पुरावा मला ठाऊक नाही.

पुंजभौतिकीविषयी थोडक्यात लिहितो. दोन छिद्रांच्या प्रयोगात कण छिद्रांतून पडद्याकडे सोडले की पडद्यावर लाटांसारखे उजळ-काळे पट्टे उमटतात, त्यांना व्यतिकरणाचे पट्टे म्हणतात. कण कोणत्या छिद्रातून गेला याची नोंद, म्हणजेच मापन, होऊ लागले की ते पट्टे नाहीसे होतात. ती नोंद नंतर कोणी वाचतो की नाही, याने काही बदलत नाही. मापनात जाणिवेला स्थान असावे, असे भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी 1961 मध्ये मांडले होते खरे, पण पुढे त्यांनी स्वतःच ते मत सोडले. मापनाचा प्रश्न आजही पूर्णपणे सुटलेला नाही. मात्र न सुटलेला प्रश्न म्हणजे आपल्या बाजूचा पुरावा नव्हे.

वेदान्ताबाबत मात्र तुझी गफलत मोठी आहे आणि ती फार लोकांची होते. ‘पाहणे म्हणजेच निर्माण करणे’ असे मानणारा दृष्टिसृष्टिवाद उत्तरकालीन अद्वैतात आहे. पण खुद्द शंकराचार्यांनी, बाह्य वस्तू नाहीतच, केवळ विज्ञानच (म्हणजे जाणीवच) आहे, या बौद्ध मताचे ब्रह्मसूत्रभाष्यात खंडन केले आहे. ‘नाभाव उपलब्धेः’ या सूत्रावर ते म्हणतात की वस्तूचा अनुभव घेत असताना ती नाही म्हणणे, हे जेवून तृप्त होत असलेल्या माणसाने ‘मी जेवतही नाही आणि तृप्तही होत नाही’ असे म्हणण्यासारखे आहे. वस्तू ‘बाहेर असल्यासारखी’ भासते, या युक्तिवादावरचे त्यांचे उत्तर तर मला फार आवडते: विष्णुमित्र नावाचा कोणी माणूस वांझेच्या मुलासारखा दिसतो, असे कोणी म्हणेल का? जे मुळातच नाही, त्याची उपमा कशी देणार? ब्रह्माच्या पारमार्थिक सत्यापुढे हे जग टिकत नाही, असे ते म्हणतातच, आणि ज्ञानेश्वर जगाला चैतन्याचा विलास मानतात. परंतु ते चैतन्य म्हणजे तुझे किंवा माझे बरेवाईट विचार नव्हेत. तुझ्या आईचे तर मुळीच नव्हेत.

एक प्रयोग मात्र स्वतः करून पाहा. रेघांच्या वहीतल्या एकाच रेघेवर डावीकडे एक फुली काढ आणि तिच्या उजवीकडे 8 सेंटिमीटरवर एक ठिपका. डावा डोळा झाकून उजव्याने फुलीकडे एकटक पाहत कागद पुढे-मागे कर; साधारण एक फुटावर ठिपका नाहीसा होईल आणि त्याच्या जागी रेघ अखंड दिसेल, कारण डोळ्याच्या अंधबिंदूवर, म्हणजे जिथे प्रकाश टिपलाच जात नाही त्या जागेवर, पडलेली ती मोकळी जागा मेंदू आपणहून भरून काढतो. मग त्या ठिपक्यातून मागच्या बाजूने एक टाचणी टोचून कागद पुन्हा त्याच अंतरावर धर. टाचणी दिसणार नाही. नजर फुलीवरच ठेवून ठिपक्याच्या जागी बोट ने, पण हळू ने, टोक लागेल.

तुझा,
सर