इंग्लिश मीडियमला शिकलोय, दहा वर्षं आयटीत आहे, तरी कॅनडा पीआरसाठी (तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी) आयएल्ट्स ही इंग्लिशची टेस्ट द्यावीच लागते का? तयारीला किती दिवस लागतात?

द्यावीच लागते. जन्माने इंग्रज असलेल्यालाही एक्स्प्रेस एन्ट्रीत (पॉइंट मोजून पीआर देण्याची कॅनडाची पद्धत) टेस्ट चुकत नाही, तिथे तुमचं मीडियम कोण विचारतंय. जरा तिरकं लिहितोय, कारण 'इंग्लिश मीडियम' ऐकलं की मला माझा मेहुणा आठवतो.

मी दहावीपर्यंत मराठी मीडियम. पुढे मास्टर्स, मग आठ वर्षं क्लायंटचे कॉल. पहिल्यांदा आयएल्ट्स जनरल दिली तेव्हा लिसनिंग 8.5, रीडिंग 8, स्पीकिंग 7.5 आणि रायटिंग 6.5. ओव्हरऑल 7.5, घरात सगळे खूश. मग कळलं की ओव्हरऑलला तिथे कुत्रं विचारत नाही, चारही मॉड्यूल वेगवेगळे मोजतात. सीएलबी 9 ला (सीएलबी म्हणजे कॅनडाची भाषेची लेव्हल) लिसनिंग 8 आणि बाकी तिन्ही 7 लागतात, एक जरी खाली आला तरी शिक्षण आणि कॅनडाबाहेरच्या कामाच्या अनुभवाचे जे भाषेशी जोडलेले पॉइंट असतात ते 50-50 चे 25-25 होतात. बायकोसकट अप्लाय करत होतो, रायटिंगचे स्वतःचे 7 पॉइंट धरून त्या अर्ध्या बँडने माझे 57 पॉइंट खाल्ले.

मेहुणा म्हणाला, "भावोजी, मीडियमचा फरक पडतोच हो."

आता ऐका मी काय केलं होतं. टास्क 1 ला मित्राला पत्र लिहायचं होतं. सुरुवात केली 'विथ रेफरन्स टू युवर इन्व्हिटेशन' आणि शेवटी 'काइंडली डू द नीडफुल'. मित्राला! हे मला शाळेने शिकवलं का? शाळेत बाईंनी वडिलांना 'तीर्थरूप, साष्टांग नमस्कार', मित्राला 'प्रिय, सप्रेम नमस्कार', धाकट्याला 'चिरंजीव, अनेक आशीर्वाद' असं घोटून घेतलं होतं, मायना चुकला की मार्क कापले. माणूस बघून भाषा बदलायची हे मला पाचवीतच येत होतं, वाट लावली ती ऑफिसच्या मेलांनी. (खरं सांगायचं तर टास्क 2 ला दुप्पट वजन असतं आणि माझा तिथला शेवटचा पॅरा अर्धाच राहिला होता. पण ते मेहुण्याला सांगितलेलं नाही.)

तर तयारी. मी दुसऱ्या वेळी सहा आठवडे रोज एक पत्र आणि एक निबंध घड्याळ लावून लिहिला, रायटिंग 7.5 आलं. तुम्हाला किती लागेल ते तुम्ही मेल कसे लिहिता त्यावर आहे. क्लास लावू नका, तिथे पाठ करायला देतात ती वाक्यं परीक्षकाला लगेच कळतात.

पुढच्या वर्षी मेहुण्याने दिली. लिसनिंग 7.5. ऑडिओ एकदाच ऐकवतात, आणि ह्याने दोन ठिकाणी अनेकवचनाचा एस खाल्ला. मी काही बोललो नाही. म्हणजे एवढंच विचारलं, "मीडियम कुठलं रे तुझं?"

हां, आयएल्ट्सच हवी असं नाही, सेल्पिप जनरल आणि पीटीई कोअर पण चालतात. रिझल्ट 2 वर्षं धरतात, पण पीआरचा अर्ज टाकताना तो जिवंत असला पाहिजे, नुसती प्रोफाइल बनवताना असून भागत नाही. फ्रेंच येत असेल तर माझं वरचं सगळं सोडा आणि आधी टेफ कॅनडा द्या, चारही मॉड्यूलमध्ये एनसीएलसी 7 (सीएलबीसारखीच फ्रेंचची लेव्हल) आणि सोबत बऱ्यापैकी इंग्लिश असेल तर 50 पॉइंट वरचे मिळतात. आणि बुक करताना जनरलच करा, अकॅडमिक नको. मेहुण्याने आधी तीच केली होती.