प्रश्नोत्तरे: जुन्या यंत्रांचं काय?

प्रश्न: आमची मराठी-कन्नड अंक बदलणारी मुक्तस्रोत पायथन लायब्ररी आहे. तिच्यातून पायथन ३.८ चा आधार काढला तर इथल्या दुकानांतले विंडोज ७ वाले संगणक अडतील का? — एक वाचक, निपाणी

उत्तर: लायब्ररीची बसवलेली आवृत्ती चालूच राहते. विंडोज ७ वर ३.८ च्या पुढचं अधिकृत पायथन चालत नाही, आणि ३.८ ची देखभाल २०२४ मध्येच संपली, तेव्हा आधार काढाच. फक्त लायब्ररीच्या ज्या आवृत्तीत तो काढाल, त्याच आवृत्तीत ‘रिक्वायर्स-पायथन’ची (किमान कोणतं पायथन लागतं ते सांगणारी) ओळ ३.९ वर न्या, म्हणजे जुन्या संगणकावर पिप (लायब्ररी उतरवून बसवणारं साधन) आपणहून मागची आवृत्ती उचलतो. ओळ विसरलात की नवा कोड तिथे उतरतो आणि इम्पोर्टलाच सिंटॅक्स एरर! पुढच्या आवृत्तीत ओळ दुरुस्त करून भागत नाही, कारण पिप मागे येतो तो नेमका त्या फसलेल्या आवृत्तीवरच. ती पायपीआयवर (पिप जिथून लायब्ररी उतरवतो त्या भांडारात) ‘यँक’ करा, म्हणजे मागे घेतल्याची खूण करा; मग पिप ती वगळतो.