सॅरसेन्ससारखा बलाढ्य रग्बी क्लब इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत कसा काय खेळला? तिथे काय झालं?

खेळाडूंच्या पगारावरची मर्यादा ओलांडली म्हणून. एकूण 105 गुण कापले गेले आणि 2020 मध्ये क्लब चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, उतरला. कोविडमुळे तो हंगाम थेट मार्च 2021 मध्ये सुरू झाला. पहिल्याच सामन्यात, पेन्झन्सच्या छोट्या मैदानावर, कॉर्निश पायरेट्सनी त्यांना 25-17 असं हरवलं! फॅरेल, इटोजे वगैरे सॅरसेन्सची मंडळी तेव्हा इंग्लंडच्या संघासोबत सिक्स नेशन्समध्ये (सहा युरोपीय देशांच्या स्पर्धेत) होती, हे खरं. तरी पायरेट्सचं श्रेय तसूभरही कमी होत नाही. दोन सामन्यांची अंतिम फेरी मात्र एकतर्फी झाली. गुणतक्त्यात पहिल्या आलेल्या ईलिंग क्लबला सॅरसेन्सनी 60-0 आणि 57-15 असं धुतलं आणि सॅरसेन्स पहिल्या श्रेणीत परतले. पुढच्या वर्षी ईलिंगने चॅम्पियनशिप जिंकली, पण मैदानाची प्रेक्षकक्षमता अपुरी म्हणून बढती नाकारली गेली. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.