ताशा वाजवणाऱ्या एका मुलास

चिरंजीव मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. गेल्या अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीनंतर उजव्या कानात भरलेली कळ अजून जात नाही, कपबशीचा खणखणाटही खुपतो, आणि ऑडिओग्राम ‘नॉर्मल’ आल्यामुळे घरातली माणसे तुला नाटकी म्हणू लागली आहेत, हे सगळे कळले. तुझे दुखणे खरे आहे, हे तुला पटवून देण्यात मी शाई घालवणार नाही. ऑडिओग्रामने किती हळू आवाज ऐकू येतो ते समजते. किती मोठा आवाज सोसतो ते पाहण्याची चाचणी वेगळी असते, ती ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, मागून घ्यावी लागते आणि दुखऱ्या कानावर ती बेताबेतानेच करायला सांगावी लागते. २०१५ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या संशोधनातून असे दिसले, की अंतर्कर्णातल्या नसेत पाचेक टक्के बारीक तंतू असे आहेत, जे रोजच्या आवाजाला जवळजवळ दाद देत नाहीत आणि इजा झाली की मात्र जागे होतात. कानाच्या वेदनेची वाट बहुधा तीच असावी. हे घरच्यांना वाचून दाखव आणि विषय संपव.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. बरा होशील का, असे विचारतोस. पुष्कळांना महिन्यांनी, काहींना वर्षांनी उतार पडतो. आवाज नुसता मोठा वाटण्यापेक्षा तुझ्यासारखा कान दुखण्याचा प्रकार अधिक चिवट असतो, आणि खात्रीचे औषध आज कोणाकडेही नाही. जो तारीख सांगेल त्याला पैसे देऊ नकोस. तुझ्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आवाजाची मात्रा.

तू दिवसभर, आणि झोपतानासुद्धा, कानात आवाज अडवणारे फोमचे बोळे घालून बसतोस हे वाचून मला तुझा राग आला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ठणठणीत कानांच्या माणसांना दोन आठवडे, दिवसाचे तेवीस-तेवीस तास बोळे घालायला लावले, तेव्हा पूर्वीचेच आवाज त्यांना अधिक मोठे वाटू लागले. तुझा कान तर आधीच हळवा झालेला आहे. मोडलेला हात जन्मभर प्लास्टरमध्ये ठेवत नाहीत आणि प्लास्टर काढल्या दिवशी त्या हाताने पोतेही उचलत नाहीत. बोळे रस्त्यावर घाल, एसटी स्टँडवर घाल. शांत खोलीत काढ आणि टेबलफॅन अगदी हळू लावून ठेव, म्हणजे मंद आवाज कानावर पडत राहील. आठवडाभर ते निभले तर किंचित वाढव; दुसऱ्या दिवशी कानात जळजळ उठली तर एक पायरी खाली उतर, पण थेट शून्यावर जाऊ नकोस. हीच मात्रा.

आणि ते तुझे मित्र, जे म्हणतात “सरावाला ये, सवय होईल”, त्यांनाही मात्राच समजावून सांग. डेसिबल हे आवाजाचे माप. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो; पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो आणि १०० डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटे. हा हिशेब धडधाकट कानांचा आहे. त्यामुळे यंदाच्या मिरवणुकीचे विचारू नकोस.

मी नाटकांना साउंड देत असे. दौऱ्यावरच्या एका प्रयोगाआधी माइक तपासताना हेडफोनमध्ये फीडबॅकची शिट्टी घुसली आणि त्यानंतर माझ्या कानांनी मला कधी पूर्वीसारखे वागवले नाही. नाटक सुटले याची हळहळ अजून आहे. आता तिसरी घंटा होऊन गेली की आत शिरतो आणि शेवटच्या रांगेत बसतो. भाच्याच्या लग्नात बँड सुरू होताच मी कार्यालयाबाहेर जाऊन उभा राहिलो, तर व्याह्यांचा अपमान केला म्हणून बहिणीने बराच काळ अबोला धरला. तिचे मन दुखावले याचे वाईट वाटते. पण उद्या पुन्हा बँड वाजला तर मी पुन्हा उठेन. लोक हेकट म्हणतात, म्हणोत. माझ्या कानाची मात्रा व्याही ठरवणार नाहीत. (वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतच लिहिलेली आहे, आणि ती आमच्या गल्लीत पाळली गेल्याचे माझ्या कानांनी अजून अनुभवलेले नाही. असो.)

एक गोष्ट राहिली. रात्री दात आवळून झोपतोस का, हे आईला विचार. कानाचा पडदा ताणणारा चिमुकला स्नायू आणि चावण्याचे स्नायू एकाच नसेच्या फांदीवर चालतात, त्यामुळे जबड्याचा ताण कानात उतरू शकतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना जबडाही दाखव. त्यांनी घाईघाईने वाटेला लावले तर दुसरे डॉक्टर गाठ. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे ऑडिओलॉजिस्ट भेटतील.

यंदा वाजवणार नाहीस, हे पथकप्रमुखांना अजून कळवलेले दिसत नाही. या आठवड्यात कळव, आणि ते काय म्हणाले ते मला लिही. फोन नको, पत्रच बरे.

तुझा,
काका