सशांच्या शिकारीसाठी लर्चर घ्यायचाय, कोली क्रॉस चांगला की बुल क्रॉस?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमधल्या लिंकनशायरला राहता, ओळखीच्या दोन शेतकऱ्यांनी सशांसाठी परवानगी दिलीय, आणि आता लर्चरचं, म्हणजे शिकारीच्या संकरित कुत्र्याचं, पिल्लू बघायला लागलात तर एकजण म्हणतो कोली क्रॉस (मेंढ्या वळणाऱ्या कोलीचा संकर) घे आणि दुसरा म्हणतो बुल क्रॉससारखा (बुल टेरियरचा संकर) कुत्रा नाही. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, ससेच धरायचे असतील तर कोली क्रॉस घ्या. बुल क्रॉस वाईट असतो असं अजिबात नाही, पण तो ज्या कामासाठी लोकांनी तयार केला ते काम इंग्लंडमध्ये आता कायद्यात बसतच नाही.

मी श्रॉपशरमध्ये वेल्सच्या हद्दीला लागून राहतो. माझ्याकडं कोली-ग्रेहाउंड मादी आहे, नाव झिपरी, कारण बिअर्डेड कोलीचं रक्त असल्यामुळं अंगभर झिपऱ्या, आणि शेजारी एक रिटायर्ड गेमकीपर (इस्टेटीवरच्या शिकारीच्या पक्ष्या-प्राण्यांची राखण करणारे) आहेत त्यांनी आयुष्यभर बुल क्रॉस सांभाळलेत. आम्ही एकाच शेतांवर जातो त्यामुळं दोन्ही प्रकार शेजारी शेजारी पळताना बघायला मिळतात, आणि वाद तर रोजचाच.

ज्यांना लर्चर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ही काही ठरलेली जात नाही. ग्रेहाउंड, व्हिपेट, सलुकी, डिअरहाउंड यातला एखादा पळणारा कुत्रा घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूनं कोली, टेरियर किंवा बुल टेरियरसारखा कामाचा कुत्रा, त्यातून जे होतं ते लर्चर. आपल्याकडचा कारवान किंवा मुधोळ हाउंड पाहिला असेल तर अंगकाठी लगेच ओळखू येईल, तशीच खोल छाती, बारीक कंबर, लांब पाय. (आणि हो, हे वाचून गावाकडं कोणी कारवान घेऊन सशामागं जाऊ नका, भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो सरळ गुन्हा आहे.)

आता कायदा, कारण इथंच अर्धा निकाल लागतो. हंटिंग ॲक्ट २००४, लागू झाला फेब्रुवारी २००५ मध्ये, त्यानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यानं जंगली सस्तन प्राण्याची शिकार करणं बंद. सूट आहे ती मुख्यतः ससे आणि उंदीर-घुशींना, आणि तीसुद्धा जमीन तुमची असेल किंवा ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी असेल तरच. कोल्ह्याला किंवा हरणाला कुत्र्यानं धरणं बंद. दोन कुत्र्यांपर्यंत वापरून जनावर उठवून गोळी घालायची एक वेगळी सूट आहे पण तिच्या अटी बऱ्याच, आणि तिथं बंदुकीचं काम महत्त्वाचं, कुत्र्याच्या जबड्याचं नाही. स्कॉटलंडमध्ये तर २०२३ चा नवा कायदा आला आणि त्यात ससेही धरलेत, म्हणून तिकडच्या मित्राचं ऐकून इकडं काही ठरवू नका आणि इकडचं तिकडं सांगू नका.

बुल क्रॉस म्हणजे ग्रेहाउंडला बुल टेरियर किंवा स्टॅफी (स्टॅफर्डशर बुल टेरियर) लावून केलेला. हे मिश्रण कशासाठी? तर पळणाऱ्या कुत्र्यात जिगर आणि ताकद यावी म्हणून, कोल्हा उलटून चावला तरी सोडू नये, मोठं जनावर एकट्यानं खाली पाडावं. ऑस्ट्रेलियात रानडुकरांवर असे कुत्रे अजून चालतात. आता दीड-दोन किलोच्या सशाला ही जिगर काय करायचीय? मुंगी मारायला तोफ आणल्यासारखं होतं ते.

सशाचं काम दोन प्रकारचं असतं, आणि ते नीट समजून घेतलं की बाकी वादच उरत नाही. एक म्हणजे दिवसा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लहान पाळीव शिकारी प्राणी) घेऊन. हिवाळ्यात पालापाचोळा झडला की बिळांच्या तोंडांवर छोट्या जाळ्या लावायच्या, फेरेट आत सोडायचा, ससा घाबरून बाहेर येतो आणि जाळीत अडकतो. इथं कुत्र्याचं पहिलं काम धावणं नाहीच, ससा आत आहे की नाही हे सांगणं. झिपरी बिळाजवळ जाते, हुंगते, ससा असला की मान तिरकी करून तशीच थांबते, नसला की पुढच्या बिळाकडं, तुमचा तासभर वाचतो. मग जाळ्या लावताना शांत बसायचं, फेरेटला हात लावायचा नाही, जाळीतल्या सशावर झडप घालायची नाही, आणि एखादा ससा जाळी चुकवून निसटला तर तेवढ्याच्या मागं सुटायचं. हे सगळं डोकं वापरायचं आणि स्वतःला आवरायचं काम आहे, आणि कोलीच्या रक्तात ते पिढ्यान् पिढ्या आहे. गेमकीपर काकांचा बुल क्रॉससुद्धा बिळावर खूण करायला शिकलाय, नाही असं नाही, पण जमिनीखालून धप धप आवाज यायला लागला की त्याचा धीर सुटतो, कण्हायला लागतो, पाय आपटतो, आणि आतल्या सशाला कळतं वर कोणीतरी आहे, मग तो बाहेर यायलाच तयार होत नाही.

दुसरं काम लॅम्पिंग. अंधारी रात्र, वारा सुटलेला, थोडा पाऊस असला तर आणखी चांगलं, हातात जोरदार लॅम्प. गवतात बसलेल्या सशावर उजेड टाकायचा आणि कुत्रा त्या उजेडातून सोडायचा. ससा ग्रेहाउंडपेक्षा हळू, पण वळणं इतकी घेतो की नुसत्या वेगाला काही अर्थ राहत नाही. बुल क्रॉस नाकासमोर सरळ जातो, पूर्ण ताकदीनं, आणि धडकतो. समोर काटेरी तार आली तरी धडकतो. काकांच्या कुत्र्यांच्या छातीवर टाक्यांच्या इतक्या खुणा आहेत की बघवत नाही, आणि बुलच्या रक्ताची अडचण अशी की लागलं तरी तो दाखवत नाही, शेपूट हलवत परत येतो, घरी उजेडात बघितलं तर कातडं फाटलेलं. कोली क्रॉस असं करत नाही. दोन-चार सिझन झाले की त्याला कळतं ससा शेवटी कुंपणाकडंच जाणार, मग तो मागं मागं न पळता कुंपणाच्या बाजूनं आत कापत जातो आणि वाट अडवतो. पूर्वी सशाच्या मोठ्या भावावर, म्हणजे हेअरवर, पैजा लावून कुत्रे पळवायचे ते लोक याला चालूपणा म्हणायचे आणि असा कुत्रा काढून टाकायचे. आपल्याला भांड्यात पडणारा ससा हवाय ना, मग हाच चालूपणा कामाचा.

भांड्यावरून आठवलं, तोंड. कोली क्रॉस बहुतेक वेळा ससा जिवंत, न चिरडता हातात आणून देतो. बुल क्रॉसचं तोंड कडक निघायची शक्यता जास्त, म्हणजे बरगड्या मोडलेल्या, आत रक्त साकळलेलं, तो ससा खाटीक घेत नाही आणि घरी रस्सा करायलाही मन होत नाही. झिपरीनं आणलेल्या सशाचा मी मालवणी मसाला घालून रस्सा करतो, भातासोबत एकदम बेस्ट लागतो, फक्त ससा रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा.

आता कोली क्रॉसच्या खोड्या पण ऐका, कारण विकणारे सांगत नाहीत. एक, तो फार मनाला लावून घेतो. एकदा जोरात ओरडलात की पुढचे आठ दिवस तुमच्याकडं संशयानं बघणार. दोन, घरात कंटाळला की स्वतःच काम शोधतो, सायकल, मुलं, कोंबड्या, काहीही वळायला लागतो. तीन, मेंढ्या. आमच्याकडं टेकड्यांवर मेंढ्याच मेंढ्या, आणि कोलीच्या रक्ताला मेंढी दिसली की डोळे लावून, खाली वाकून पुढं सरकायची इच्छा होतेच. मेंढ्यांमागं लागलेल्या कुत्र्याला शेतकऱ्यानं गोळी घातली तर कायदा बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या बाजूनं उभा राहतो, त्यामुळं पिल्लू लहान असल्यापासून मेंढ्यांमधून पट्ट्यावर रोज फिरवा, इतकं की त्याला त्यांचा कंटाळा यावा. चार, वर्षाच्या आत लॅम्पवर नेलंत आणि हाताला न लागणाऱ्या लांबच्या सशांवर सोडलंत तर वैतागून पळता पळता भुंकायला लागतो, आणि ही सवय एकदा लागली की जात नाही, सगळं शेत जागं.

बुल क्रॉसची बाजू घ्यायची तर माणसांशी इतका प्रेमळ कुत्रा दुसरा नाही. काकांचा तो मोठा धूड संध्याकाळी सोफ्यावर उताणा पडलेला असतो आणि त्यांची नात त्याच्या पोटावर डोकं ठेवून टीव्ही बघते. थंडी, चिखल, काटे, कशालाच नाही म्हणत नाही. कोठारात घुशी मारायला त्याच्याइतका मन लावून काम करणारा कमी. पण दोन-अडीच वर्षांचा झाला, खरा वयात आला की दुसऱ्या कुत्र्यांशी जमेलच याची खात्री नसते, काकांना दोन नर कायम वेगळे ठेवावे लागतात. शिवाय काही धोकादायक प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घालणारा १९९१ चा डेंजरस डॉग्ज ॲक्ट कुत्र्याचे आईबाप कोण ते बघत नाही, अंगाची ठेवण बघतो, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून एक्सएल बुली हा धिप्पाड बुल प्रकारचा कुत्राही बिना सर्टिफिकेट ठेवता येत नाही. ग्रेहाउंडचं रक्त जास्त असलेला सडपातळ बुल क्रॉस कोणी अडवणार नाही, पण रुंद डोक्याचा, जाड मानेचा निघाला तर कुणीतरी फोन करणार आणि मग मोजमापाची पट्टी घेऊन पोलीस दारात.

कोलीमध्ये कुठलं प्रमाण घ्यायचं हा पुढचा प्रश्न येईलच. सरळ अर्धा कोली अर्धा ग्रेहाउंड म्हणजे डोकं, पाय आणि दम भरपूर, वेग थोडा कमी. पाऊण ग्रेहाउंड पाव कोली म्हणजे वेग वाढला पण पंजे नाजूक व्हायला लागतात. तुमच्याकडं जमीन सपाट, शेतं मोठी, ससा कुंपणापासून लांब चरायला येतो, तर मी पाऊण-पाववालाच घेईन, खांद्याला चोवीस इंचाच्या आसपास, त्यापेक्षा मोठा नको, मोठा कुत्रा सशाबरोबर वळत नाही.

तब्येतीचं एक महत्त्वाचं. कोलीच्या रक्तात एमडीआर१ नावाच्या जनुकातला दोष येऊ शकतो, बॉर्डर कोलीत कमी, रफ कोलीत फार, आणि तो असला की आयव्हरमेक्टिनसारखं औषध मोठ्या डोसमध्ये मेंदूपर्यंत जाऊन कुत्रा मरू शकतो. शेतावर मेंढ्यांचं जंताचं औषध सांडलेलं असतं, नुकतंच औषध दिलेल्या मेंढ्यांच्या लेंड्या कुत्री खातात, त्यामुळं टेस्ट करून घ्या, साधी गालातली लाळ लागते. ग्रेहाउंडच्या बाजूनं अंगात चरबी कमी आणि भुलीच्या काही जुन्या औषधांचा अंमल लवकर उतरत नाही, ऑपरेशन असेल तर व्हेटला लर्चर आहे हे आधी सांगा. आणि निळसर ठिपक्यांचं मर्ल पिल्लू दिसायला भारी असतं पण आई आणि बाप दोघंही मर्ल असतील तर हात लावू नका, त्यात बहिरी-आंधळी पिलं निघतात.

लिंकनशायरचं म्हणून एक वेगळं सांगतो. तुमच्या भागात हेअर खूप आणि त्यांच्यामागं चोरून कुत्रे सोडणाऱ्या टोळ्याही खूप, पोलिसांची ऑपरेशन गॅलिलिओ नावाची मोहीमच त्यासाठी आहे. २०२२ पासून शिक्षा वाढल्यात, सहा महिन्यांपर्यंत कैद, दंडाला मर्यादा नाही, कुत्रा पाळायला बंदी आणि जप्त कुत्र्याच्या सांभाळाचा खर्चही तुमच्याकडून. म्हणजे रात्री गाडीत लर्चर आणि लॅम्प दिसला की तुम्हाला थांबवणारच, त्यात आपण दिसायला वेगळे. परवानगी लेखी घ्या, शेताच्या नकाशासकट, गाडीत ठेवा, आणि निघायच्या आधी शेतकऱ्याला मेसेज टाका. हेअर उठला की कुत्रा शिट्टीवर थांबला पाहिजे, आणि खरं सांगायचं तर धावायला निघालेला कुत्रा शिट्टीवर थांबवणं हे कोली क्रॉससोबत अवघड आहे आणि बुल क्रॉससोबत देवाची कृपा लागते.

शेवटी, पिल्लू घ्यायच्या आधी ससे आहेत का ते बघा, मी चेष्टा करत नाहीये. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस इंग्लंडात आला तेव्हा जवळजवळ सगळे ससे गेले होते, नंतर परत वाढले, पण रक्तस्रावाच्या रोगाचा जो नवा विषाणू २०१० नंतर पसरला त्यानं पुष्कळ ठिकाणी शेतंच्या शेतं रिकामी झाली. आमच्याकडचा एक उतार जिथं पूर्वी संध्याकाळी ससेच ससे दिसायचे तिथं आता एखादा दिसला तर नशीब. कुत्रा बारा-चौदा वर्षं जगतो. ससे नसतील तर कोली क्रॉस तुमच्याबरोबर डोंगर चढेल, चेंडू आणेल, एजिलिटी (कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत) खेळेल, आनंदात राहील. आणि रेस्क्यू सेंटरमध्ये लर्चर भरपूर पडून असतात, तिथंही एक चक्कर मारा.

पिल्लूच घ्यायचं ठरलं तर फोटो बघून पैसे पाठवू नका. आई समोर दिसली पाहिजे, चिप लावलेली पाहिजे, आणि आई रात्री ससा धरून हातात आणून देते का ते स्वतः जाऊन बघा. नोव्हेंबरमध्ये जा, तेव्हा सगळे बाहेर असतातच. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर गाडी वळवा.